मध्ये काही नको

दोन अक्षरं असायला हवी होती, आणि ती नव्हती. टॉर्च दातांत धरून, मान विमानाच्या पोटात जाईल तितकी खुपसून अनुपने पुन्हा पाहिलं – आगपेटीहून जराशी मोठी काळी डबी, तिच्या अंगावर चंदेरी लेबल, लेबलावर कंपनीचं नाव, नावाखाली आकडे, आणि आकड्यांच्या शेजारी जिथे एच आणि व्ही असायचे तिथे नुसती चंदेरी मोकळी जागा… टॉर्चचा उजेड त्या जागेवर आपटून परत त्याच्याच डोळ्यांत येत होता. पंखांमधले, इंजिनाजवळचा, सुकाणूचा – बाकीचे सगळे सर्वो त्याने मघाशी एकेक करून पाहिले होते आणि त्या सगळ्यांवर ती अक्षरं होती. हा एकच, शेपटीजवळचा, सगळ्यांत आत बसवलेला, हात कोपरापर्यंत घातल्याशिवाय न सापडणारा – हा जुना होता.

रिमोटवरची काडी हलली की विमानातली ही डबी आपली दांडी फिरवते, दांडी फिरली की शेपटीची आडवी पाळी वर किंवा खाली होते, आणि विमानाचं नाक उचलतं किंवा पडतं. एवढंच तिचं काम. एच-व्ही लिहिलेले नवे सर्वो बॅटरीचा सगळा दाब सोसणारे होते, आठ व्होल्टच्या वरचा. जुने सहाचे. सहाच्याला आठ दिले तर तो लगेच मरत नाही. उलट सुरुवातीला जास्त जोमाने फिरतो, चलाख वाटतो, मग तापतो, घरघरतो आणि केव्हातरी, हवेत असताना, आहे तिथे थांबतो.

"झालं का रे तपासून?" बाहेरून बाबांनी विचारलं. ते अंगणात उन्हात खुर्ची टाकून बसले होते.

"हो."

"सगळे नीट?"

"हो."

त्याने टॉर्च तोंडातून काढला. दातांत प्लास्टिकची चव राहिली होती. पहिलं 'हो' खरंच होतं, तपासून झालं होतं. दुसरं 'हो' त्याने म्हटलं नव्हतं, ते पहिल्याच्या पाठोपाठ आपलं आपण आलं होतं, लहानपणापासून या आवाजाच्या प्रश्नाला हेच उत्तर यायचं तसं… आणि आता दुरुस्त करायचं तर अंगणात जायला हवं, खुर्चीसमोर उभं राहायला हवं, म्हणायला हवं की बाबा, तुम्ही नव्यांच्या डब्यातला समजून जुना उचललात. म्हणजेच – बाबा, तुम्हाला दिसत नाही.

हे वाक्य या घरात अजून कुणी म्हटलेलं नव्हतं. डॉक्टरांनी म्हटलं होतं, हजरतगंजच्या दवाखान्यात, भिंतीवर डोळ्याचं मोठं चित्र होतं त्याच्याखाली बसून. नजरेच्या मधोमध डाग आहे, कडेकडेचं दिसत राहील, मधलं जात राहील. बाबांनी ते ऐकून घेतलं होतं, जसं एखाद्या कनिष्ठाचं ऐकून घ्यावं तसं, आणि परतताना आलमबागच्या मेट्रोच्या खांबांखाली गाडी अडकली तेव्हा म्हणाले होते, "डॉक्टर पोरगा हुशार आहे, पण अजून कच्चा आहे." त्यानंतर विषय नाही. माणसाच्या चेहऱ्याकडे बघायचं तर ते आता त्याच्या कानाकडे बघतात. सर्वो त्यांनी स्वतः बसवले, बोटांनी चाचपत, आठवडाभर, दार लोटून घेऊन. 'मी बसवतो' असं अनुप म्हणाला होता तर, "मिगच्या पोटात मी अंधारात स्क्रू बसवलेत," असं उत्तर आलं होतं.

दोन डबे होते. एक नव्यांचा, एक काढलेल्या जुन्यांचा. दोन्ही एकाच आकाराचे, आतल्या डब्या हुबेहूब सारख्या. बोटांना अक्षरं कशी लागणार…

तो रेग्युलेटर अजून फळीवर होता, अनुपने प्रयोगशाळेच्या ओळखीतून मागवलेला. बॅटरी आणि सर्वो यांच्या मध्ये बसवायची एवढीशी वस्तू. आठ व्होल्ट घेते आणि सहा पुढे सोडते. ती बसवली असती तर नव्या सर्वोंचा जोर थोडा कमी पडला असता, पण नवा-जुना सगळ्यांना चाललं असतं. दिवाळीनंतर त्यावरून बोलणं झालं होतं. बोलणं म्हणजे बाबा बोलले होते.

"मध्ये काही नको. बॅटरीतून थेट. मध्ये एक वस्तू वाढली की बिघडायला एक जागा वाढली."

"पण बाबा, सगळा दाब एकदम—"

"सोसणारे सर्वो कशाला आणलेत मग?"

आई होती तोवर या घरात कुणी कुणाला थेट बोलत नव्हतं. बाबांना काय हवंय ते आई सांगायची, आणि ते तिच्याकडून येताना इतकं निवलेलं असायचं की अनुपला बरीच वर्षं वाटत होतं बाबा फार बोलत नाहीत. पद्मिनी मोहिते. हॉलमधल्या फोटोत ती अजूनही कुणाचं तरी कुणालातरी सांगण्याच्या बेतात आहे. ती गेली आणि पहिल्याच सकाळी बाबांचा आवाज स्वयंपाकघराच्या दारातून सरळ आला – चहा कोण करणार आहे. त्याची बायको, देवयानी, उठली होती, तिच्या पीएचडीच्या कागदांवरून. अनुपला तो क्षण अजून दिसतो, तिच्या हातातलं पेन तिने टोपण न लावता ठेवलं होतं…

तो विमानाच्या पोटावरचं झाकण बसवायला लागला. चार स्क्रू. पहिला लावताना त्याच्या मनात काहीही नव्हतं, हे तो शपथेवर सांगू शकला असता. दुसरा लावताना त्याला दिसलं – विमान वृंदावन योजनेच्या वसाहतीपलीकडे, रायबरेली रोडवरून आत जाणाऱ्या त्या मैदानावर, वर, निळ्यात, नाक खाली झालेलं आणि उचलत नसलेलं. नुसतंच चित्र. तिसऱ्या स्क्रूला चित्राच्या पुढचं दिसलं. विमान नाही. गॅरेज रिकामं. बाबा अंगणात खुर्चीवर, आणि आता त्यांना लखनौत काय उरलं? बक्षी का तालाबला हवाई दलातली वॉरंट ऑफिसरची नोकरी संपली, तिथल्या धावपट्टीचा आवाजही इथवर पोचत नाही, बरोबरचे लोक आपापल्या गावी गेले. घर आहे, पण घर विकता येतं. त्यांना धरून ठेवणारं एकच आहे, आणि ते माझ्या हातात पालथं पडलंय, आणि मी त्याचं झाकण लावतोय.

चौथा स्क्रू त्याने घट्ट पिळला.

मी काही केलेलं नाही. सर्वो मी बसवला नाही. थेट जोडायचं मी ठरवलं नाही. मी फक्त… एवढंच वाक्य पुन्हा पुन्हा फिरत राहिलं, आंघोळ करताना, कुकरची शिटी मोजताना, बाबांच्या ताटात भाजी कुठे आणि चटणी कुठे हे न सांगता दाखवण्यासाठी वाटी टेबलावर जरा जोरात ठेवताना. मी फक्त.

*

दुपारी देवयानीचा फोन आला. ती जूनमध्येच गेली होती, पुण्याला, विद्यापीठात, मुलीला, सृष्टीला घेऊन. चारबाग स्टेशनवर त्याने त्यांना गाडीत बसवून दिलं होतं, सामान आत लावलं होतं, आणि गाडी सुटल्यावर खिडकीबरोबर चार पावलं चाललाही होता. तेव्हा ठरलं होतं की दिवाळीपर्यंत तोही येईल. मग ठरलं, नव्या वर्षात. आता त्याच्या संस्थेने पुण्याच्या प्रयोगशाळेत बदली देऊ केली होती आणि उद्या सोमवारी साहेबांना तोंडी हो किंवा नाही सांगायचं होतं.

"सांगितलंस त्यांना?"

"आज विमान उडवायचंय. पहिल्यांदाच, नव्या जोडणीवर. ते होऊ दे."

"विमानाचा काय संबंध?"

पलीकडे मिक्सर सुरू होऊन थांबला.

"अनुप, मी त्यांना सोडून ये म्हणत नाहीये. त्यांना घेऊन ये म्हणतेय. त्यांची खोली मी लावून ठेवलीय. तू एकदा नीट विचारलंयस का?"

"विचारलंय. म्हणतात, तू जा."

"मग?"

मग काय. 'तू जा' हे दोन शब्द बाबांनी किती साधेपणाने म्हटले होते, वर्तमानपत्राची घडी मोडत, जे वर्तमानपत्र ते आता वाचत नाहीत, फक्त उघडतात. दार असं सताड उघडं टाकलेलं, की त्यातून बाहेर पडणारा माणूस आयुष्यभर त्या उघड्या दारातच दिसत राहावा. आरडाओरडा केला असता तर मी गेलो असतो. नको जाऊ म्हणाले असते तरी गेलो असतो. हे देवयानीला त्याने अनेकदा समजावून सांगायचा प्रयत्न केला होता, आणि प्रत्येक वेळी त्याचं वाक्य 'बाबा' या शब्दाने सुरू होत होतं आणि तिच्या उसाशाने संपत होतं.

"सृष्टीला दे ना जरा."

"पापा, आप कब आओगे?" सृष्टी म्हणाली.

"येणार आहे गं. तुझं काय चाललंय?"

"कुछ नहीं. यहाँ सब मराठी बोलते हैं, मेरी टीचर भी. आजोबा का प्लेन उड़ गया?"

"आज उडणार."

"गिरना नहीं चाहिए हाँ. उनको बुरा लगेगा."

फोन ठेवल्यावर तो बराच वेळ स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभा राहिला. समोरच्या गच्चीवर कुणीतरी रजया वाळत घातल्या होत्या, हिवाळा संपला म्हणून. ऊन छान होतं. वारा जेमतेम होता. म्हणजे आज वाऱ्याचंही कारण नव्हतं…

*

बॅटरी भरून झाली तेव्हा बाबा गॅरेजात आले, दाराच्या चौकटीला हात लावून, मग टेबलाच्या कडेला, मग विमानाच्या पंखाला. पंखाला हात लागला की त्यांची चाल बदलायची, ती पुन्हा हँगरमधली व्हायची.

"जोड."

अनुपने बॅटरीची पिन सर्वोंच्या वायरीत थेट खुपसली. मध्ये काही नव्हतं. सगळे सर्वो एकदम जागे झाले, एक बारीक शहारा विमानाच्या टोकापासून शेपटीपर्यंत गेला.

"डावा पंख… उजवा… सुकाणू." बाबा सांगत गेले आणि अनुपचे अंगठे काड्या हलवत गेले. नव्या सर्वोंचा आवाज कोरडा, तुटक होता. हुकूम झाला की हालचाल, हालचाल झाली की शांतता. "आता शेपूट. वर. खाली. पुन्हा वर. तिथेच धर."

त्याने काडी तिथेच धरली. आणि त्या शांततेत शेपटीतून एक आवाज येत राहिला. मोठा नव्हे. बंद दाराआड कुणीतरी ओठ मिटून गुणगुणावं तेवढा.

बाबांचा चेहरा वळला. कान देऊन मान तिरकी झाली. या कानांच्या गोष्टी अख्ख्या हवाई तळावर सांगत. धावपट्टीच्या टोकाला उभं असलेलं विमान ऐकून ते म्हणायचे अमुक ठिकाणचं बेअरिंग बघा, आणि लोक जाऊन बघायचे. आता ते वाकले, तळहात विमानाच्या पाठीवरून मागे सरकवत नेला, शेपटीशी आणून ठेवला आणि तसाच ठेवून दिला, ताप बघताना कपाळावर ठेवतात तसा.

अनुपचा अंगठा काडीवर तसाच होता. आता. आता विचारतील. विचारलं की मी सांगेन, ताबडतोब सांगेन, मला तेच हवंय, विचारा बाबा…

"बंद कर," बाबा म्हणाले. "बॅटरी कशाला उतरवायची."

आणि हात पुसून, टेबलाची कड धरून, दाराची चौकट धरून ते टोपी घालायला आत गेले.

ऐकू आलं. नाही आलं. ऐकू आलं असतं तर ते गप्प बसले असते का, तो माणूस, ज्याने शेजाऱ्याच्या पंख्याच्या आवाजाबद्दल रविवारी सकाळी जाऊन सांगितलं होतं? नाही आलं. कानही गेले असतील आता, डोळ्यांच्या मागोमाग… पण त्यांनी हात ठेवला होता. नेमका तिथेच. अनुपने स्वतःचा हात त्या जागी ठेवून पाहिला. लाकडाला अजून बाबांच्या हाताची ऊब होती, की आतल्या डबीची, ते त्याला सांगता येईना.

*

गाडीची मागची सीट पाडून विमान आडवं घातलं होतं, पंख वेगळे काढून. रस्त्याने बाबा बोलले नाहीत. एरवी मैदान येईस्तोवर त्यांचं सांगणं चालू असायचं – उड्डाणाला नाक लवकर उचलू नको, वळताना वेग सोडू नको, मागच्या वेळी तू. आज ते मांडीवर हात ठेवून समोर बघत होते, म्हणजे समोरच्या डागाच्या भोवती.

मैदानावर रिझवीसाहेब आधीच आले होते. दातांचे डॉक्टर, गुटगुटीत, पानाने ओठ लाल. त्यांचं छोटं पिवळं विमान गवतावर बसलेलं होतं.

"आइए वारंट साहब, आइए. आज तो बड़ी चिड़िया लाए हैं. खुद उड़ाएँगे या आज भी साहबज़ादे को सिखाएँगे?"

"सिखाना ही है, डॉक्टर साहब. उम्र भर सिखाना है," बाबा हसून म्हणाले.

हे गेल्या वर्षभर चाललेलं होतं. बाबा मागे उभे राहून डावा हात अनुपच्या खांद्यावर ठेवत आणि कानाशी मराठीत हळू आवाजात हुकूम देत, आणि लोकांना वाटे म्हातारा मुलाला शिकवतोय. आवाजावरून आणि नजरेच्या कडेवरून बाबांना विमान कळत असे, अर्धंमुर्धं. उरलेलं ते हुकुमांनी भरून काढत. दुसऱ्या कुणाला मराठी येत नव्हतं. कधी कधी हुकूम चुकीचा असायचा, विमान उजवीकडे असताना 'उजवीकडे घे' असा, आणि तो पाळल्यासारखं करून न पाळण्याची एक कसरत अनुपच्या अंगठ्यांनी शिकून घेतली होती. तिच्याबद्दलही दोघं कधी बोलले नव्हते.

पंख चढवले. इंजिन लागलं. पंख्याच्या झोताने गवत मागे झोपलं. अनुप रिमोट गळ्यात अडकवून उभा राहिला आणि खांद्यावरच्या हाताची वाट पाहू लागला. हात आला. मग बाबा कानाशी म्हणाले –

"दोन फेऱ्या घे. फार नको."

दोन. ज्या माणसाला टाकीतलं पेट्रोल संपेस्तोवर विमान खाली आणलेलं आवडत नाही, त्याने दोन म्हटलं. म्हणजे ऐकलं होतं. म्हणजे सगळं ऐकलं होतं, दुपारपासून त्यांना माहीत आहे, आणि मला माहीत आहे हे त्यांना… की ते फक्त नव्या जोडणीची काळजी घेतायत? कुणीही पहिल्या उड्डाणाला दोनच फेऱ्या मारेल. तोंड उघडायचं. आत्ता. रिझवीसाहेब बघतायत, हात हलवून मैदान मोकळं असल्याची खूण करतायत…

त्याने अंगठा पुढे सारला.

विमान धावलं आणि त्याला कळायच्या आत जमिनीवरून सुटलं. असा जोर त्याने कधी अनुभवला नव्हता. काडी केसभर हलवली की पंख वळत होता, विचाराच्या आधी. सूर्य पश्चिमेला कलला होता आणि विमानाच्या पोटाखालचा लाल रंग प्रत्येक वळणाला पेटत होता. तो हुकुमाची वाट पाहत होता, आणि हुकूम येत नव्हता. पहिलं वळण झालं. कानाशी काही नाही. तो लांब गेला, उंच गेला, मैदानाच्या टोकाला पुन्हा वळला. काही नाही. मग त्याला जाणवलं की खांद्यावर हातही नाही, केव्हा उचलला गेला ते कळलंच नव्हतं, खांदा नुसता हलका झाला होता, आणि त्या हलकेपणात त्याचे अंगठे असं काहीतरी करत होते जे त्याला कुणी शिकवलं नव्हतं – विमान कुशीवर झोपवून त्याने एक लांब कमान काढली, सुरेख, न घाबरता… किती बरं वाटतंय. हे वाटायला नको होतं. आत ती डबी तापत असणार, दर वळणाला, आणि मला इतकं बरं वाटतंय.

दुसऱ्या फेरीत विमान मैदानाच्या कडेवरून गेलं तेव्हा खाली सरसोच्या, म्हणजे मोहरीच्या शेतात एक बाई ताठ उभी राहिली. ती कापणी करत होती. तिच्या मागे आणखी दोघी होत्या, वाकलेल्या, वाळत आलेल्या पिवळ्यात अर्ध्या बुडालेल्या. तिने विळा धरलेला हात डोळ्यांवर आडवा धरला आणि डोक्यावरून जाणाऱ्या त्या मोठ्या गोष्टीकडे मान वर करून पाहिलं, कौतुकाने असावं.

त्या रोजच असतात. दर फेब्रुवारीत असतात. सकाळपासून त्याच्या मनात विमान कितीतरी वेळा पडलं होतं आणि प्रत्येक वेळी ते रिकाम्या जागेत पडलं होतं. मनातल्या त्या मैदानात माणूस म्हणून नव्हताच, बाबा सोडले तर. त्याने विमान शेतावरून खेचून पडीक जमिनीवर आणलं, वेग कमी केला, उतरायच्या रेषेत घेतलं. नाक थोडं उचलायला काडी ओढली. नाक उचललं नाही. पुन्हा ओढली. किंचित हललं, मग झोपलेल्याने हुंकार द्यावा तसं थांबलं. पाळी अर्ध्यात अडकली होती. आता उरलं फक्त इंजिन. त्याने वेग वाढवला तसं नाक आपोआप वर आलं, सोडला तसं खाली गेलं, आणि असं वेगाला हलकेच धरत-सोडत त्याने ते माणसापेक्षा लांब पंखांचं धूड गवताच्या दिशेने आणलं. चाकं टेकली, उसळली, पुन्हा टेकली. एक चाक वाकडं झालं. विमान गिरकी घेऊन थांबलं.

"वाह," रिझवीसाहेब लांबून म्हणाले. "वारंट साहब, लड़के का हाथ खुल गया."

अनुप धावत विमानाकडे गेला, इंजिन बंद केलं, बॅटरी काढली. बाबा मागून सावकाश आले, इंजिनाचा आवाज थांबला त्या दिशेने, गवतात पाय घासत. शेपटीशी वाकले. जळक्या वार्निशसारखा वास येत होता.

"गेला," ते म्हणाले.

"बाबा, तो सर्वो जुना होता."

"माहीत आहे."

"तुम्हाला केव्हा…"

"दुपारी. आवाजावरून. बसवताना नाही कळलं." हे शेवटचं त्यांनी अगदी सपाट म्हटलं, पण म्हटलं. मग थोड्या वेळाने, "तुला सकाळीच दिसलं होतं."

पलीकडे रिझवीसाहेबांचं पिवळं विमान माशीसारखं गुणगुणत वर चढत होतं.

"मग बोलला का नाहीत?"

"म्हटलं, तुला पाडायचं असेल तर पाडू दे." बाबांनी गवताची काडी विमानाच्या चाकातून काढून टाकली. "मोडलेलं बरं पडलं असतं. सोडून द्यायला सोपं. पण त्या शेतात बायका असतात, ते मी विसरलो. नंतर आठवलं, तू वर असताना. ती चूक माझी."

*

परतताना संध्याकाळ झाली होती. रायबरेली रोडवर ट्रकांची रांग होती, ऊस आणि विटांची, आणि अनुप त्यांच्या मागे सावकाश गाडी चालवत होता. त्याला काहीतरी खूप महत्त्वाचं बोलायचं होतं, पण ते काय ते सापडत नव्हतं. सकाळपासून त्याच्याजवळ एक गोष्ट होती जी फक्त त्याची होती. भयंकर होती, पण त्याची होती, त्या घरातली ती एकच जागा होती जिथे बाबांचा आवाज पोचत नव्हता. आणि दुपारपासून बाबा तिथेच येऊन बसले होते, न बोलता, पाय जवळ घेऊन, त्याला अडचण होणार नाही असे. पाडायचं असेल तर पाडू दे. त्याच्या बंडालाही त्यांनीच परवानगी दिली होती.

"देवयानीचं घर कितव्या मजल्यावर आहे?" बाबांनी विचारलं.

"तिसऱ्या."

"लिफ्ट?"

"आहे."

"जिना मला आता तितका जमत नाही," बाबा म्हणाले. आणि मग, ट्रकच्या लाल दिव्यांकडे तोंड करून, "लिफ्ट आहे तर मग ठीक."

एवढंच. अनुपने स्टिअरिंग घट्ट धरलं. हे ऐकण्यासाठी तो जूनपासून थांबला होता. जूनपासून कशाला, आई गेल्यापासून. आता आतलं सगळं सुटायला हवं होतं. तो वाट पाहत राहिला, छातीतलं ते आवळलेलं सैल होण्याची, पण ते तसंच होतं, होतं तिथेच होतं, आणि भीती वाटावी इतकं ओळखीचं. त्याने पुण्याची ती खोली डोळ्यांपुढे आणून पाहिली. देवयानीने लावून ठेवलेली, बाबांची. ती दिसली. शेजारची, सृष्टीची, तीही दिसली, भिंतीवरच्या तिच्या चित्रांसकट. तिसऱ्या खोलीत स्वतःला उभं करायला गेला तर तिथे कुणी उभं राहीना. त्याऐवजी मघाशी आकाशात काढलेली ती लांब कमान दिसत होती, आणि खांद्यावरचा हात उचलला गेल्यानंतरचा तो हलका क्षण, जो किती थोडा वेळ टिकला होता आणि कशाच्या जोरावर…

ट्रक हलला. मागच्याने हॉर्न दिला.

घरी गेल्यावर देवयानीला फोन करायचा. तिला सांगायचं की ते तयार आहेत. ती आनंदेल, आणि मग विचारेल, तू उद्या साहेबांना काय सांगणार? त्याने मनातल्या मनात उत्तराची जुळणी सुरू केली. इतके महिने प्रत्येक वाक्य ज्या शब्दाने सुरू व्हायचं तो शब्द आता वापरता येत नव्हता. बाबा शेजारीच बसले होते, तयार, हात मांडीवर ठेवून, आणि त्यांनी त्याला कुठेही धरलेलं नव्हतं. वाक्य दुसऱ्या शब्दाने सुरू करायला हवं होतं. त्याने करून पाहिलं. वृंदावन योजनेचं वळण येईपर्यंत तो ते पुन्हा पुन्हा करून पाहत राहिला.

मी…

मी, देवयानी, मी…